जन्माची ओळ

शाळेत मुलांना उंचीप्रमाणे उभं करतात, बुटकी पुढे आणि उंच मागे. जन्माप्रमाणे उभं कसं करायचं, हे मला चौथी शिकलेल्या एका बाईने शिकवलं. सूर्यमाळच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथे. आणि मी काही तिथे शिकायला गेले नव्हते, तिची चौकशी करायला गेले होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल उगाच फार चांगलं मत व्हायला नको.

मी तेव्हा मुख्यसेविका होते. ऐंशी सालाच्या आगेमागे आमच्याकडे अंगणवाड्या नव्या नव्या सुरू झाल्या होत्या. एकेका पाड्यावर एक बाई नेमलेली, तिला सेविका म्हणायचं, आणि अशा वीसेक सेविकांवर देखरेख माझी. त्यांचं काम ऐकायला सोपं. सहा वर्षांखालच्या पोरांची दर महिन्याला वजनं करायची आणि वयाशी वजन ताडून तक्त्यावर टिंब द्यायचं. टिंब वरच्या पट्ट्यात पडलं तर पोर ठीक, त्याला साधी सुकडी, म्हणजे सरकारकडून येणारा पौष्टिक खाऊ. तिसऱ्या-चौथ्या पट्ट्यात खाली पडलं तर दुप्पट सुकडी, महिन्याला डॉक्टरची तपासणी, आणि वेळ पडली तर जव्हारच्या दवाखान्यात भरती व्हायची चिठ्ठी. म्हणजे कुठलं पोर या सवलतीत बसतं आणि कुठलं नाही, हे ठरवायचं त्या बाईने. तिने ठरवलेलं बरोबर आहे का, हे बघायचं मी.

मी तरी कुठली शिकलेली. सातवी पास झाले तेव्हा आमच्या भागात सातवी पास बाई म्हणजे नवलच होतं, म्हणून नोकरी लागली. पुढचं जे काही आलं ते लोकांना विचारून आणि चुका करून. मॅट्रिकला बसले तेव्हा माझ्या शेजारच्या बाकावर माझ्या भाचीच्या वयाची पोरगी होती आणि ती मला पेपर सोडवायच्या आधी नमस्कार करून गेली. असो.

नावं मी कुणाचीच लिहीत नाही. काही माणसं हयात आहेत, जी नाहीत त्यांची पोरं आहेत.

राहायला मी जव्हारला होते, एका मुसलमान शिंप्याच्या घरात भाड्याची खोली घेऊन. त्याला सगळा मोहल्ला चाचा म्हणायचा, मग मीही. वजनकाट्याबरोबर वरून जी झोळी आली होती ती खाकी कापडाची. घराच्या आढ्याला काटा टांगायचा, पोराला त्या झोळीत घालायचं आणि आकडा वाचायचा. पण पोराला झोळीत घातलं की ते असा आकांत करायचं की आकडा हेलकावेच खायचा. एकदा मी ती झोळी फाटली म्हणून चाचाकडे टाकली. त्याने बोटांत धरून पाहिली आणि म्हणाला, "बाई, बच्चा काट्याला डरत नाही, खाकीला डरतो. यांच्याकडे खाकी घालून कोण येतो? जंगलवाला येतो." आणि त्याने उरलेल्या फुलाफुलांच्या कापडाची, पाय घालायला दोन भोकं ठेवून, नवी झोळी शिवून दिली. पोरं गप्प बसायला लागली. मग मी त्याच्याकडून वीस शिवून घेतल्या. एवढ्या साध्या गोष्टी आपल्याला का सुचत नाहीत कोण जाणे.

तर ही वरच्या पाड्यावरची सेविका. हाडापेराने मोठी, हसली की स्वतःच्या मांडीवर थाप मारणारी. घरी नवरा, सासू, दोन पोरं, थोडी भाताची आणि माळावर नागलीची शेती. कामाला बसली की पहिल्यांदा काट्याला स्वतःचा वरवंटा टांगायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं देवाचं काहीतरी असेल.

"हे काय गं?"

"वरवंटा काय जेवत नाय न् उपाशी ऱ्हात नाय, बाई. त्याचं वजन हाललं तर काटा खोटा."

दर महिन्याला वरवंट्याचं वजन ती वहीत पहिल्या ओळीत लिहायची. हेही मी पुढे सगळ्या सेविकांना सांगितलं, आणि खरं सांगते, कुणी विचारलं तर सुरुवातीला मी ते माझंच डोकं म्हणून सांगत असे. नंतर लाज वाटली, मग तिचं सांगायला लागले.

त्या वर्षी भाताची आवणी आटोपून श्रावण लागला होता. मोखाड्याला महिन्याची मीटिंग होती. साहेब बदलून आलेले, पुण्याकडचे, तरुणच म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण कागदावरचं नजरेतून सुटायचं नाही आणि मग माणसाला जरा टोचून बोलायचं, अशी सवय. त्यांनी तिच्या पाड्याचा तक्ता पुढे ओढला.

"मुख्यसेविकाबाई, या पाड्यावर पाऊस चांगला झालेला दिसतोय."

"का साहेब?"

"पोरं वाढलीत. मागच्या महिन्यात जे दोन वर्षांचं होतं ते या महिन्यात साडेतीनचं. आणि एक नाही, अकरा. सार्वजनिक वाढदिवस केला का तुमच्या सेविकेने?"

सगळ्या खोलीत हशा झाला. मीही हसले. मग साहेब हसायचे थांबले आणि म्हणाले, "वय वाढवलं की तेच वजन खालच्या पट्ट्यात जातं आणि सुकडी दुप्पट होते. हे तिला कळतं, तसं मलाही कळतं. आठ दिवसांनी मी स्वतः येतो. वयाचा पुरावा असेल तर ठीक. नसेल तर अकराच्या अकरा नावं दुप्पटच्या यादीतून खाली, आणि बाई घरी."

दुसऱ्याच दिवशी मी एसटीने फाट्यापर्यंत गेले आणि तिथून चढायला लागले. चढताना मनातल्या मनात तिला काय काय बोलायचं ते सगळं घोकून ठेवलं होतं. राग होता तो चोरीचा नव्हता. मला न विचारता केलं, याचा होता.

ती दारातच तांदूळ निवडत बसली होती. मी रजिस्टर मागितलं. वयाच्या रकान्यात खोडरबर घासून घासून कागद पारदर्शक झाला होता.

"हे काय केलंस?"

"वय दुरुस्त केलं."

"कुणाला विचारून?"

"आयांना."

"आयांना वय ठाऊक असतं तर पहिल्या सर्व्हेलाच नसतं का लिहिलं?"

ती निवडायची थांबली. "बाई, रागावू नका. तवा इचारलं, पोर किती वर्षांचं. वर्षं कोन मोजतं इथं? माझं इचारा, मला माझं ठावं नाय. मी तसं इचारलंच नाय. मी इचारलं, कोन कोनाच्या आदी."

मला काही कळलं नाही. तशी ती उठली, अंगणात उभी राहिली आणि तोंडाशी हात धरून हाक दिली. तासाभरात बायका जमल्या, पोरं घेऊन. तिने सगळ्यांत मोठ्या पोराला कुडाशी उभं केलं आणि बायकांना म्हणाली, "ह्याच्या मागं कोन झालं?"

आणि मग जे काही सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. कुठलीही तारीख नाही, महिना नाही, पण एकेक बाई अशी बोलत होती की जणू कालच घडलं. "माझा झाला तवा तू राब भाजत व्हतीस, पोट एवढं, वाकता येत नव्हतं तुला." "मग तुझी माझ्या मागं." "मागं कशी, माझ्या पाचवीला तू बाळंतीन व्हतीस म्हनून आली नाय. रुसवा धरलावता मी." "हां, मग माझी आदी." एक बाई आपलं पोर चार जागांनी पुढे सरकवायला निघाली तर बाकीच्या तिच्यावर अशा तुटून पडल्या की तिला परत जागेवर जावं लागलं. खोटं बोलायची सोयच नव्हती. एकीचं बाळंतपण दुसरीच्या आठवणीत होतं.

ओळीतल्या दोन पोरांची वयं नक्की ठाऊक होती. एक जव्हारच्या दवाखान्यात झालेलं, त्याचा कागद घरात होता. दुसरं पाड्याच्या बोहाड्याच्या, म्हणजे सोंगांच्या जत्रेच्या, दिवशी झालेलं. त्याचा बाप सोंग घेऊन उभा होता, निरोप आला तसा मुखवट्यासकट घरी धावला, आणि त्या पोराने जन्मल्यावर पहिलं तोंड पाहिलं ते राक्षसाचं, हे सांगताना बायकांना अजून हसू आवरेना. तो बोहाडा कुठल्या वर्षी ते सगळ्यांना माहीत. या दोन खुंट्या पक्क्या झाल्यावर मधली पोरं आपोआप महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने बसत गेली. कुणाचा जन्म उन्हाळ्यात राब भाजताना, कुणाचा कापणीला, कुणाचा मोहाची फुलं वेचताना.

ओळ पुरी झाली. सेविका मला म्हणाली, "आता इकडनं बघा."

मी बाजूला जाऊन पाहिलं. जन्माने लावलेली ओळ मोठ्यांकडून लहानांकडे उतरत जायला हवी. ती तशी उतरत नव्हती. मध्येच खाली जायची, परत वर यायची. जिथे जिथे ओळ खचली होती, तिथे तिथे तिने वय दुरुस्त केलेलं पोर उभं होतं.

"पोर लहान नाय, बाई," ती म्हणाली. "पोर बारीक हाय. आपुन त्याला लहान म्हनलं, म्हनून ते कागदावर बरं दिसलं."

मी घोकलेलं सगळं सोडून दिलं आणि रजिस्टर परत उघडलं.

मी पोरं मोजली. अकरापैकी दहा ओळीत होती. "अकरावं?"

तिने अंगणाच्या कडेला बोट केलं. एक तरुण बाई खांबाला टेकून उभी होती, पाठीवर लुगड्याच्या झोळीत एक पोरगी. "हिला ओळीत घालता येत नाय. ही भट्टीवर झाली."

आमच्याकडे दिवाळी झाली की पाडेच्या पाडे जगायला जातात. जगायला जाणं हाच शब्द आहे. वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर, खडीवर, आणि पाऊस तोंडावर आला की परत. ही बाई पोटुशी गेली होती आणि पोरगी घेऊन परत आली होती. मध्ये पाड्यावर कोण कधी बाळंत झालं ते तिला ठाऊक नाही, तिचं पाड्याला ठाऊक नाही.

मी तिला जवळ बोलावलं. "किती वर्षांची गं ही?"

"पाठीवरची हाय, बाय."

आणि मला एकदम आठवलं. मागच्या भादव्यात, सेविका नेमायच्या आधी, या पाड्याचा पहिला सर्व्हे मीच केला होता. दिवसाला तीन पाडे. याच बाईला मी हाच प्रश्न विचारला होता आणि तिने हेच उत्तर दिलं होतं. त्यांच्यात पोराचं वय तसंच सांगतात: झोळीतलं, पाठीवरचं, चालतं, गुरांमागचं. मी पोरीकडे पाहिलं होतं, एवढीशी होती, म्हणून म्हटलं होतं, "म्हणजे वर्षाची असेल ना?" ती म्हणाली होती, "असल बाय." सरकारी बाईला नाही कशाला म्हणायचं, एवढाच त्या उत्तराचा अर्थ. मी लिहिलं, एक वर्ष. सही माझी.

त्या हिशेबाने पोरगी आता दोन वर्षांची आणि दुसऱ्या पट्ट्यात, म्हणजे साधी सुकडी आणि काळजीचं कारण नाही. सेविकेने तिला साडेतीन वर्षांची केली होती, म्हणजे थेट तिसऱ्या पट्ट्यात. वजन तेच, साडेआठ किलो.

"तू साडेतीन कशावरून म्हणतेस?" मी सेविकेला विचारलं.

"तोंड उघडून बघा. पाठीमागच्या दाढा पुऱ्या हायत. दोन वर्षांच्या पोराला एवढ्या दाढा कुठनं? न् जरा ऐका तिचं."

झोळीतून दोन डोळे माझ्याकडे पाहत होते. पोरगी आईच्या कानाशी, पण मला नीट ऐकू येईल अशी म्हणाली, "ही बाई पिशवीत सुई घेऊन आली काय? तिला सांग मी झोपले."

सेविकेने मांडीवर थाप मारली. "सांगा. दोन वर्षांचं पोर असं बोलतं?"

पण आईलाच ते नको होतं. ती हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाय, ल्हानच लिवा. दुप्पट म्हंजी आजारी. आजारी म्हंजी जव्हार. जव्हारला नेलेलं पोर मागं येत नाय."

"येतं," सेविका म्हणाली. "उशिरा नेलेलं येत नाय. तू मला एवढंच सांग, भट्टीवर तुझ्या बाजूला कोन व्हतं?"

बाईने आठवून सांगितलं. बाजूच्या खोपटात खोडाळ्याच्या अंगाची एक बाई होती. दोघी एकाच आठवड्यात बाळंत झाल्या होत्या, ही एक दिवस आधी. तिलाही मुलगीच, आणि सुरुवातीचे दोन दिवस ती पोर हिनेच पाजली होती. ती जगली का, ते हिला माहीत नव्हतं. त्यानंतर हे लोक दुसऱ्या भट्टीवर जाऊ लागले.

त्या आठवड्यात खोडाळ्याचा बाजार होता. मला वाटलं होतं सेविकेला रस्ता दाखवायला कुणी लागेल म्हणून मीही सोबत गेले. खरं म्हणजे मलाच तिच्या मागे धावावं लागलं. पहाटे निघालेली बाई, हातात काठी, डोक्यावर घोंगडी, घाटातून अशी उतरली, जणू विहिरीवर चाललीय. आणि बाजारात ती विचारायची कसं, ते बघण्यासारखं होतं. अमक्या नावाची बाई कुठे राहते, असं नाही. बसलेल्या प्रत्येक बाईसमोर उकिडवी बसायची, भाजी हातात घ्यायची आणि म्हणायची, "भट्टीला जाता? कंच्या? तिकडं चार वर्सांमागं एक बाय बाळंत झालीती, तिच्या शेजारच्या बायने तिची पोर पाजली, असं काय ऐकलंय?" करटुलीच्या ढिगासमोर बसलेल्या सातव्या की आठव्या बाईने मान वर केली.

"मीच ती. माझं दूध दोन दिवस उतरलं नाय. तिनं पाजलं." मग लगेच, "हाय का ती? तिची पोर?"

"हाय. न् तुझी?"

त्या बाईने मागे वळून हाक दिली. गाडीच्या चाकामागून एक पोरगी धावत आली, हातात अर्धी काकडी, ढोपर खरचटलेलं, आणि आईच्या पाठीवर धडकून उभी राहिली. आम्ही दोघी तिच्याकडे बघतच राहिलो. सेविकेने हात लांब करून पोरीच्या डोक्याची उंची हवेत धरून ठेवली, लक्षात राहावी म्हणून.

भट्टीवरून घरी आल्या आल्या या पोरीला खोडाळ्याला नर्सबाईने टोचलं होतं, त्याची तारीख घातलेली चिठ्ठी घरी आढ्याला खोचलेली होती. त्या आधीची हिवाळ्यातली भट्टी म्हणजे जन्म, तेवढं त्या बाईने बोटांवर मोजून दाखवलं. पोटात गेली ती एक भट्टी, मग अंगावरची, मग कडेवरची, आणि औंदा विटा मोजत फिरणारी. चार.

"तुला वर पाड्यावर यावं लागंल," सेविका म्हणाली. "साहेब येनार हाय. चढ हाय, दिवस मोडंल तुझा."

"दुधाचं हाय," ती म्हणाली. "न येऊन सांगते कुनाला."

साहेब ठरल्या दिवशी आले. जीप रस्ता संपला तिथे थांबली आणि पुढचं ते बुटांनी चढले. शेवटच्या उतारावर शेवाळ होतं. सेविका पुढे गेली आणि काठी देत म्हणाली, "साहेब, टाच आदी टेका. टाच टेकली की मानूस पडत नाय." साहेबांनी टाच टेकली आणि पडले नाहीत.

अंगणात ओळ लागलेली होती. साहेबांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "ही कसली ओळ? उंचीने तरी नीट लावायची."

"उंचीने लावली तर समदी बरोबर दिसत्यात, साहेब," सेविका म्हणाली.

मग तिने सांगायला सुरुवात केली. मध्ये मध्ये बायका तिला दुरुस्त करत होत्या. राक्षसाच्या मुखवट्याची गोष्ट आली तेव्हा साहेबांच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. दवाखान्याचा कागद त्यांनी वाचला, दोन पोरांबद्दल उलटसुलट विचारून पाहिलं. एकदा मुद्दाम म्हणाले, "हा पोरगा हिच्या आधीचा असणार," तर तीन बायका एकदम म्हणाल्या, "नाय." दहा नावांवर त्यांनी पेन्सिलने खुणा केल्या.

"आणि ही अकरावी?"

खोडाळ्याची बाई पुढे आली. तिने आपल्या पोरीला ओळीत जिथे जागा ठेवली होती तिथे उभं केलं. मग ती वळून पाठीवर पोर घेतलेल्या बाईकडे गेली. तिने फक्त एवढंच म्हटलं, "उतरव तिला. मी हाय ना."

आईने गाठ सोडली आणि पोरगी खाली ठेवली. ती पोरगी चालायची, पण जपून, भिंत धरल्यासारखी. तिने दुसरीचा हात धरला आणि उभी राहिली. एकाच आठवड्यात, एकाच भट्टीवर, लागून असलेल्या खोपटांत जन्मलेल्या दोन पोरी, दोन दिवस एकीच्याच दुधावर राहिलेल्या. हिचं डोकं जेमतेम तिच्या काखेला लागत होतं.

हिने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी हिच्या आदीची हाय."

साहेबांनी टोचल्याची चिठ्ठी मागून घेतली, उलटसुलट पाहिली, परत दिली. मग रजिस्टर उघडून विचारलं, "या पोरीचं पहिलं वय एक वर्ष लिहिलेलं आहे. पहिला सर्व्हे कुणाचा?"

सेविकेला माहीत होतं. सहीखाली माझं नाव इंग्रजीत नव्हतं, मराठीत होतं, आणि तिला वाचता येत होतं. ती आभाळाकडे बघत म्हणाली, "तवा मी नव्हते, साहेब." मला वाचवण्यासाठी तिला एवढंच खरं सापडलं असावं. पण मीही गप्प राहिले असते तर अकरावं नाव लटकलं असतं, कारण दोन वयं एकमेकांसमोर उभी होती आणि त्यातलं एक सही केलेलं होतं.

"माझा," मी म्हटलं. "बघून लिहिलं, विचारून नाही. बाकीच्या दहांचंही तसंच."

"लिहून द्याल?"

त्या अंगणातच वरवंट्याच्या वहीचं मागचं पान फाडून मी लिहून दिलं. पाड्याची पहिली नोंद चुकीची, नोंद करणारी मी, सेविकेने केलेली दुरुस्ती बरोबर. साहेबांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि अकराव्या नावावर पेन्सिल न वापरता पेनने खूण केली. खाली उतरताना मला म्हणाले, "बाई, तुमच्या फायलीत याचा शेरा येईल." आला. बढती दोन वर्षं लांबली. पण जाताना त्यांनी हेही विचारलं, "ही ओळ बाकीच्या पाड्यांवर लावता येईल का?"

लावली. त्या हिवाळ्याच्या आत मी सगळ्या पाड्यांवर लावली, आणि तिलाच घेऊन फिरले. बाकीच्या सेविकाही काही कमी नव्हत्या. एकीने पाड्याच्या बाळंतपणांचा क्रम भिंतीवर गेरूने टिंबं काढून ठेवला आणि दर दिवाळीला सारवताना तेवढी भिंत सोडून सारवायची. एकीने सुईणीलाच शेजारी बसवलं. किती हुशार बायका होत्या त्या, आणि आम्ही वरून त्यांना प्रशिक्षण द्यायचो.

पोरीला जव्हारला न्यायचं तेव्हा आई तयार होईना. शेवटी सेविका म्हणाली, "मी येते. तुझी पोर आली नाय तर मीबी येनार नाय." घरी नागली बेणायची पडली होती, सासू बडबडत होती, तरी ती आली. दवाखान्यात जागा नव्हती तेव्हा आई आणि सेविका माझ्या खोलीत झोपल्या. घरमालकीण, जिला आम्ही खाला म्हणायचो, रोज सकाळी पातेलंभर पेज पाठवायची आणि वर सांगायची, "तुम्ही पण खा, नाहीतर आई पडायची." पोरगी सुरुवातीला सगळ्यांना विचारायची की सुई आणलीस काय. दहा-बारा दिवसांनी चमचा स्वतःच्या हाताने धरायला लागली.

घरी जायच्या आदल्या दिवशी चाचाने तिला दुकानात बोलावलं आणि त्याच फुलाफुलांच्या कापडाचा झगा शिवायला माप घेतलं. मी पाहिलं, खालची दुमड त्याने चार बोटं ठेवली.

"एवढी कशाला, चाचा?"

"साडेतीनची आहे म्हणता ना? मग अंगाला उंची येणं बाकी आहे. उसवून सोडत जा."

पुढच्या श्रावणात मी त्या पाड्यावर गेले तेव्हा ओळ लागत होती. आता बायकांना सवय झाली होती, पोरं आपापली जागा स्वतःच शोधून उभी राहायची. सेविका वरवंटा काट्यावरून उतरवून वहीत लिहीत होती. ती पोरगी आली, झगा एकदा उसवलेला, दुमडीच्या जागी जुनी रेघ दिसत होती. पाठीवर नाही, चालत. ती थेट आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. शेजारच्यांच्या खांद्याला लागत होती. मला आनंद झाला तेवढ्यात सेविका उठली, तिच्याकडे गेली आणि खाली वाकून पाहिलं. पोरगी चवड्यांवर उभी होती.

"टाच खाली टेक."

"मी मोठी हाय," पोरगी म्हणाली.

"मोठी हायस गं. मोठीच हायस," सेविका म्हणाली आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून तिला हलकेच खाली दाबलं. "पन टाच टेक. मला खरं लिवायचंय."

पोरीने टाच टेकली. डोकं शेजारणीच्या खांद्याच्या दोन बोटं खाली आलं. सेविकेने त्या दोन बोटांकडे पाहिलं, वहीत मान घातली, आणि तिचं नाव आणखी एक वर्ष दुप्पटच्या यादीत ठेवलं.